वीज जाताना घरचा सर्व्हर नीट बंद व्हावा म्हणून

परभणी-नांदेडकडे उन्हाळ्यात पारा ४२ अंशांपुढे जातो आणि वीजही वारंवार जाते. त्यामुळे घरी रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर फोटो साठवणारा सर्व्हर चालवणाऱ्याने यूएसबी पोर्ट असलेलाच यूपीएस घ्यावा (स्वस्तातल्यांना तो बहुधा नसतो), तो केबलने सर्व्हरला जोडावा आणि ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ हे मोफत सॉफ्टवेअर बसवावे, म्हणजे बॅटरी संपत आल्याचा संकेत मिळताच सर्व्हर आपोआप व्यवस्थित बंद होतो. माहिती लिहिली जात असताना वीज गेल्यास मेमरी कार्ड खराब होऊ शकते, म्हणून निदान डेटाबेस (फोटोंच्या नोंदींचा साठा) तरी एसएसडीवर, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या वेगळ्या ड्राइव्हवर ठेवावा. उष्णतेचाही प्रश्न आहे: ‘रास्पबेरी पाय ४’ या मॉडेलचा प्रोसेसर ८० अंशांना स्वतःचा वेग कमी करू लागतो. त्याला पत्र्याच्या खोलीपेक्षा माळवदाच्या (जाड मातीच्या छताच्या) घरातला हवेशीर कोनाडा अधिक मानवतो.