माझा ट्रॅव्हल बग आठ महिन्यांनी सुटला

जिओकॅशिंग म्हणजे लोकांनी लपवलेले डबे (कॅश) जीपीएस वापरून शोधायचा खेळ. नागपुरात सेमिनरी हिल्सच्या एका कॅशमध्ये मी ट्रॅव्हल बग सोडला होता, म्हणजे कोडचा टॅग लावलेली वस्तू, जी खेळणारे एका डब्यातून दुसऱ्यात नेतात. माझी वस्तू म्हणजे लाकडी बैल, गळ्यात टॅग, तान्ह्या पोळ्याचा बैल, पोरीनेच रंगवलेला. आठवड्यात एका भाऊने उचलला आणि मग आठ महिने साइटवर नुसते 'व्हिजिट'चे लॉग (नोंदी), म्हणजे बैल त्याच्याच बॅगेत फिरतोय. आता दोन आठवड्यांत पुढे सोडायचा नाहीतर मालकाला कळवायचं एवढी साधी रीत आहे बे, पण नाही.

पहिला मेसेज मी तापूनच टाकला, उत्तर शून्य. दुसऱ्यात फक्त बैलाचा फोटो टाकला आणि विचारलं, "भाऊ, सोडायला जमत नसेल तर मीच घ्यायला येऊ का?" अर्ध्या तासात फोन नंबर आला!

रविवारी तर्री पोह्याच्या ठेल्यावर भेटलो. त्याने चक्क बिस्किटाचा डबा काढला, आत अकरा टॅग, एकाची साखळी पार गंजलेली. चोरबिर नव्हता, मोठी कॅशच सापडत नाही म्हणे, छोट्या डबीत बैल मावतो कुठे, आणि खरंय ते. तिथेच बसून सगळ्या मालकांना मेसेज केले, मग फुटाळ्याकडच्या मोठ्या डब्यात तिघांचे सोडले.

त्याने दिलाच नसता तर साइटवर बगच्या पेजवर 'मिसिंग' (हरवला) मार्क करून सोबत मिळालेला कॉपी टॅग दुसऱ्या बैलाला बांधणार होतो, नंबर तोच असतो. फक्त भांडणात टॅगचा फोटो कुठे टाकू नका, कोड दिसला की लोकं घरबसल्या 'डिस्कव्हर', म्हणजे बग पाहिल्याची नोंद, करत सुटतात.

बैल सध्या पोरीकडेच आहे, ती आता सोडू देईना.