जुना घोडा की नवा घोडा? वाद घालण्याआधी या चुका टाळा

‘जुनी घोडी आत्ताच्या घोड्यांफुडं टिकत्यात व्हय, मामा? टायमिंग बघा की!’

रेसच्या घोड्यांबद्दल हे वाक्य मी वर्षातून वीसेक वेळा तरी ऐकतो. म्हणणारा पोरगा बहुतेक वेळा मोबाईल माझ्या नाकासमोर धरून उभा असतो. दोन आकडे शोधले, वजाबाकी केली, झाला निकाल. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझी बत्तीस वर्षं लेथवर गेली. व्हर्नियरचा, म्हणजे बारीक माप घ्यायच्या पट्टीचा, झिरो तपासल्याशिवाय जॉबला हात लावायचा नाही हे आमच्या मिस्त्रींनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. घोड्यांच्या बाबतीत झिरो तपासायचा असतो हे मात्र मला फार उशिरा कळलं. मी रेसवर पैसे लावत नाही, शर्यतींच्या नोंदींनी वह्या भरतो. आजवर अकरा वह्या भरल्या. त्यातल्या पहिल्या चार पुन्हा लिहाव्या लागल्या, त्या खालच्या चुकांमुळे.

नुसत्या वेळेवरून निकाल देणं

ही चूक मी स्वतः केली आहे, तीही चारचौघांत. २०१० च्या जूनमध्ये इंग्लंडमधली एप्समची डर्बी वर्कफोर्स नावाच्या घोड्यानं २ मिनिटं ३१.३३ सेकंदांत जिंकली. त्या मैदानावरचा डर्बीचा तो विक्रम. माझ्या वहीत १९८१ ची डर्बी जिंकलेला शेरगार होता, २ मिनिटं ४४.२१ सेकंद. म्हणजे जवळजवळ तेरा सेकंदांचा फरक. सेकंदाला पाच लेंग्थ (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) धरल्या तरी शेरगार साठ-पासष्ट लेंग्थ मागं. चहाच्या गाड्यावर मी छाती फुगवून सांगितलं की शेरगारचं नाव आता विसरा, ते सगळं जुन्या लोकांचं कौतुक होतं.

तिथं एक म्हातारे आण्णा बसायचे. पुण्याच्या पागेत उभी हयात सईस म्हणून काढलेली, आणि म्हातारपणी लेकीकडं कोल्हापूरला आलेले. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि विचारलं, ‘शेरगार किती लेंग्थनं जिंकला हुता?’

‘दहा.’ डर्बीच्या इतिहासातलं ते सगळ्यात मोठं अंतर, हे मला पाठ होतं.

‘आनि ह्यो तुजा नवा?’

‘सात.’

‘मग ह्येच्यामागं दुसरा आला त्यो बी तुज्या हिशेबानं शेरगारच्या पन्नासभर लेंग्थ फुडं की रं. त्येचं नाव काय?’

नाव मला आठवेना. घरी जाऊन पाहिलं. ॲट फर्स्ट साइट, शंभराला एक भावाचा घोडा. माझ्या वजाबाकीनं त्या घोड्याला शेरगारच्या पन्नास लेंग्थ पुढं नेऊन ठेवलं होतं! शेरगारवर त्या दिवशी एकोणीस वर्षांचा वॉल्टर स्विनबर्न होता आणि शेवटी त्यानं घोडा आवरता घेतला होता. दुसऱ्या आलेल्या ग्लिंट ऑफ गोल्डच्या जॉकीला तर क्षणभर आपणच जिंकलो असं वाटलं, इतका शेरगार पुढं निघून गेला होता. यातलं काहीच घड्याळात येत नाही. जमीन ओली असली, किंवा सुरुवातीला कुणीच घोडा सोडला नाही, तर जगातला सर्वोत्तम घोडासुद्धा मंद वेळेत जिंकतो.

हे उलट बाजूनंही तपासून पाहा. १९३६ साली महमूद नावाचा, आगाखानांचा करड्या रंगाचा घोडा २ मिनिटं ३३.८ सेकंदांत डर्बी जिंकला. ती वेळ हातातल्या घड्याळावर घेतलेली होती. तो विक्रम १९९५ पर्यंत, म्हणजे एकोणसाठ वर्षं टिकला. मधल्या काळात सी-बर्ड, नायजिन्स्की, मिल रीफ, शेरगार सगळे डर्बी जिंकून गेले. महमूद या सगळ्यांपेक्षा थोर होता असं म्हणणारा जाणकार मला अजून भेटलेला नाही.

तेव्हापासून माझी सवय बदलली. वहीत वेळ मी शेवटच्या रकान्यात लिहितो. आधी अंतर किती लेंग्थचं, मागं कोण होतं, त्या मागच्यांनी पुढं काय केलं, मग जमीन, मग वजन. आपल्याकडे पुणे-मुंबईच्या रेसला जमीन किती मऊ आहे ते सांगणारा पेनेट्रोमीटरचा आकडा जाहीर होतो. तो आकडा न बघता पुण्याच्या पावसाळी मोसमातली वेळ मुंबईच्या फेब्रुवारीतल्या वेळेशेजारी ठेवणारा माणूस दिसला की मी वाद थांबवतो. अमेरिकेच्या वेळांचं तर आणखी निराळं आहे. तिथं गेट उघडल्यावर घोडे थोडं अंतर पळतात आणि मग घड्याळ सुरू होतं, म्हणजे घोडा वेगात असतानाच मोजणी. इंग्लंडमध्ये गेट उघडलं की घड्याळ सुरू. वर अमेरिकेत माती, एप्समला चढ-उताराचं गवत. अमेरिकेतल्या बेलमाँट शर्यतीच्या विक्रमी २ मिनिटं २४ सेकंदांतून एप्समचे आकडे वजा करून ‘अमेरिकन घोडा सात सेकंदांनी भारी’ म्हणणं हे मातीतली कुस्ती आणि मॅटवरची कुस्ती एकाच गुणतक्त्यात मांडण्यासारखं आहे. खाशाबा जाधव मातीतले. १९४८ ला लंडनच्या मॅटवर ते सहावे आले, १९५२ ला हेलसिंकीत कांस्य आणलं. मधल्या चार वर्षांत त्यांनी काय जुळवून घेतलं ते कोल्हापूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

घड्याळ बरोबर होतं हे गृहीत धरणं

१९७३ ची प्रीकनेस, अमेरिकेतली मोठी शर्यत. सेक्रेटेरिएट जिंकला आणि मैदानावरच्या विजेच्या घड्याळानं १ मिनिट ५५ सेकंद दाखवले. स्टॉपवॉच घेऊन बसलेल्या जुन्या जाणत्यांनी तिथल्या तिथं सांगितलं की हे चूक आहे. मग अधिकृत वेळ १ मिनिट ५४.४ केली गेली. भांडण तरीही मिटलं नाही. अखेर २०१२ मध्ये जुन्या चित्रफिती तपासल्या आणि वेळ १ मिनिट ५३ सेकंद ठरली. ३९ वर्षांनी! आज अमेरिकेच्या तिन्ही मोठ्या शर्यतींचा (केंटकी डर्बी, प्रीकनेस, बेलमाँट) विक्रम याच घोड्याच्या नावावर आहे. २०११ साली कुणी प्रीकनेसचे आकडे घेऊन ‘नवे घोडे पुढं गेले’ असं सिद्ध केलं असेल, तर त्याचा सगळा हिशेब एका बिघडलेल्या घड्याळावर उभा होता. झिरो एरर असलेल्या व्हर्नियरनं शंभर जॉब मोजले तर शंभरही रद्दीत जातात, हे आमच्याकडच्या कुठल्याही शिकाऊ पोराला कळतं. घोड्यांच्या बाबतीत तोच पोरगा ते विसरतो.

दोन मोजपट्ट्या एकत्र करणं

‘फ्रँकेल १४७, डान्सिंग ब्रेव्ह १४१, विषय संपला.’ हे हल्ली फार ऐकू येतं. १४७ हे घोड्यांना गुण देणाऱ्या टाइमफॉर्म या ब्रिटिश कंपनीचे गुण. १४१ हे आंतरराष्ट्रीय हँडिकॅपरांच्या, म्हणजे घोड्यांची कुवत ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, यादीतले. एक पट्टी इंचाची, दुसरी मिलिमीटरची. टाइमफॉर्मच्या पट्टीवर फ्रँकेलच्या लगेच मागं १९६५ चा सी-बर्ड आहे, १४५ वर.

आणि तो १४१ सुद्धा आता राहिलेला नाही. २०१३ च्या जानेवारीत हँडिकॅपरांनी जुने आकडे पुन्हा तपासले आणि पूर्वीच्या वर्षांत गुण सढळ हातानं दिले गेले होते असं ठरवलं. डान्सिंग ब्रेव्ह १४१ वरून १३८ वर आला, शेरगार १४० वरून १३६ वर. त्यामुळे १४० वाला फ्रँकेल त्या यादीत सगळ्यांच्या वर गेला. यावर पुष्कळ लोक चिडले. मी चिडलो नाही. गेज वर्षानुवर्षं थोडा थोडा सरकतो, त्याचं कॅलिब्रेशन करावंच लागतं. मात्र छापील जुनी यादी आणि नवी यादी समोरासमोर ठेवून वाद घालणाऱ्याला मी आधी एकच विचारतो, यादी कुठल्या सालची? उत्तर आलं नाही तर चहाचे पैसे त्यानं द्यायचे, हा आमच्या गाड्यावरचा नियम आहे.

माझं मत विचाराल तर फ्रँकेल मोठाच. चौदा शर्यती, चौदा विजय. पण ते मी त्यानं कुणाला किती अंतरानं हरवलं यावरून म्हणतो. दोन गुणांच्या फरकावरून कधीच म्हणणार नाही.

वजन न बघणं

फार लॅप हा घोडा १९३० चा मेलबर्न कप, ऑस्ट्रेलियातली दोन मैलांची शर्यत, पाठीवर साडेबासष्ट किलो घेऊन जिंकला. पुढच्या वर्षी त्याच्यावर अडुसष्ट किलो टाकले आणि तो आठवा आला. घोडा तोच. मैलाच्या शर्यतीत ढोबळमानानं किलोभर वजनाला एक लेंग्थ धरतात. दोन मैलांत काय होत असेल याचा हिशेब तुम्हीच करा.

वय न बघणं

एप्समची डर्बी तीन वर्षांच्या घोड्यांची. आपली इंडियन डर्बी फेब्रुवारीत होते, चार वर्षांच्या घोड्यांची. शाळेच्या आणि कॉलेजच्या पोरांची कुस्ती कुणी एका गटात लावत नाही.

मीटर आणि मैल मिसळणं

आपली डर्बी २४०० मीटरची, एप्समची साधारण २४२०. मेलबर्न कप १९७२ पासून दोन मैलांऐवजी ३२०० मीटरचा झाला, म्हणजे जवळजवळ एकोणीस मीटर कमी. तेवढ्यात सेकंदाहून जास्त वेळ जातो. नुसते ‘दोन मैल’ लिहून मोकळं होऊ नका.

न हरलेल्यांची यादी

किंसेम ५४ शर्यतींपैकी ५४ जिंकली. ब्लॅक कॅव्हियार २५ पैकी २५. विंक्स सलग ३३, पण तिच्या नावावर आधीचे पराभवही आहेत. मॅन ओ’ वॉर २१ पैकी २०. या आकड्यांवरून क्रमांक लावणाऱ्यांशी मी बोलत नाही.

जॉकीची बैठक विसरणं

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टॉड स्लोन नावाचा अमेरिकन जॉकी इंग्लंडात आला. रिकीब आखूड करून, घोड्याच्या मानेवर ओणवा होऊन बसायचा. लोकांनी त्याला माकड म्हटलं, आणि मग सगळ्यांनीच ती बैठक उचलली. साधारण १८९० ते १९१० या काळात वेळा पाच ते सात टक्क्यांनी सुधारल्या, आणि अभ्यासकांनी त्याचं मोठं कारण ही बैठक असल्याचं दाखवलं आहे. शंभर सेकंदांची शर्यत चौऱ्याण्णववर आली, आणि तेवढ्यात रक्त काही बदललं नव्हतं. १८८० च्या घोड्याला मंद म्हणण्याआधी त्याच्या पाठीवर माणूस सरळ ताठ बसलेला होता हे डोळ्यांसमोर आणा.

‘परंपरा मोडली’ म्हणून आधी ओरडणं, मग वाचणं

ही माझी दुसरी दुखरी जागा. २०२५ मध्ये सॉव्हरिनटी केंटकी डर्बी जिंकला आणि त्याच्या माणसांनी त्याला दोन आठवड्यांनी होणाऱ्या प्रीकनेसला उतरवलंच नाही. विश्रांती दिली, मग तो बेलमाँट जिंकला. आमच्या गाड्यावर दोन तट पडले. एक म्हणे जुने घोडे पाच आठवड्यांत तिन्ही शर्यती पळायचे, आत्ताचे काचेचे. दुसरा म्हणे वेळापत्रकच बदला, सगळं जुनाट आहे. दोघांनाही ते वेळापत्रक दगडावर कोरलेलं वाटत होतं.

ते तसं कधीच नव्हतं. १९१९ ला सर बार्टननं पहिल्यांदा तिन्ही जिंकल्या तेव्हा डर्बी आणि प्रीकनेस यांच्यात चार दिवसांचं अंतर होतं. १९१७ आणि १९२२ ला दोन्ही शर्यती एकाच दिवशी झाल्या. अकरा वेळा तर प्रीकनेस डर्बीच्या आधी झाली. केंटकी डर्बी १८९५ पर्यंत दीड मैलाची होती, मग सव्वा मैलाची केली. बेलमाँट पार्कवर १९२१ पूर्वी घोडे उलट दिशेनं पळायचे. खुद्द एप्समची डर्बी १७८० मध्ये सुरू झाली ती एक मैलाची, दीड मैल झाली १७८४ मध्ये. फ्रान्सनं आपली डर्बी २००५ मध्ये २४०० वरून २१०० मीटरवर आणली.

म्हणून बदल करूच नका, किंवा वाटेल तो करा, असं माझं म्हणणं नाही. घोड्याला विश्रांती मिळत असेल तर दोन आठवड्यांचे तीन-चार करावेत, असं मला मनापासून वाटतं. चाबकाचंही तसंच. ब्रिटननं २०२३ पासून सपाट शर्यतीत सहा आणि उड्यांच्या शर्यतीत सात फटक्यांची मर्यादा घातली, ती मला पटते. ज्यांना तो हळवेपणा वाटतो त्यांनी आपल्या बैलगाडा शर्यतीचं काय झालं ते आठवावं. २०१४ च्या निकालानं ती बंद पडली, २०२१ च्या डिसेंबरात अटींसह सुरू झाली, २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं कायदा मान्य केला. अटी पाळल्या म्हणून शर्यत वाचली. जनावराची काळजी घेतली तर खेळ मरतो असं सांगणाऱ्यांना कोल्हापूर-सांगलीच्या मैदानांवर नेऊन उभं करावं.

मात्र बदल झाला की रकाना बदलायचा, यात मी सूट देत नाही. २०२० ला करोनामुळे बेलमाँट सगळ्यात आधी आणि नऊच फर्लांगांची (एक फर्लांग म्हणजे मैलाचा आठवा भाग) झाली. २०२४ आणि २०२५ ला ती साराटोगाच्या मैदानावर दहा फर्लांगांची झाली. यातला एकही विजय सेक्रेटेरिएटच्या बारा फर्लांगांखाली लिहायचा नाही. तो विजय खराच आहे, फक्त त्याचं पान वेगळं.

आमच्या गावात रेसकोर्स नाका नावाची जागा आहे. तिथून रोज जाणाऱ्या पोरांना तिथं रेसकोर्स का, हा प्रश्न पडत नाही. गेल्या पावसाळ्यात त्यातलाच एक माझ्याकडं वही मागायला आला. पहिली देऊ की अकरावी, असं विचारलं. म्हणाला, जिच्यात टायमिंग आहेत ती. मी त्याला अकरावी दिली आणि आण्णांनी आखून दिलेले रकाने दाखवले: मागं कोण, किती लेंग्थ, जमीन, वजन, वय. सप्टेंबरात पुण्यात इंडियन सेंट लेजर असते, २८०० मीटर. वेळेचा रकाना कागदानं झाकून बाकीचे भरून आण, असं सांगितलंय.