तोंड न दाखवता तोंड कसं उघडायचं, बुधवार पेठेतून

पुण्याच्या रेड लाइट एरियातल्या आमच्या गल्लीत आता पोलिसांच्या धाडीपेक्षा मोबाइलवाल्या पोरांची भीती जास्त, शर्टाच्या खिशात कॅमेरा चालू ठेवून एक चक्कर मारायची, वर ढँगढँग म्युझिक लावायचं आणि "पुण्याचं काळं सत्य" म्हणून टाकून द्यायचं, झालं. खाली कमेंटमध्ये सगळेच डॉक्टर आणि सगळेच वकील. याला उत्तर द्यायला आम्ही पाचसहा जणींनी एक अकाउंट काढलं, त्यात जे जे चुकलं ते तुमचं चुकू नये म्हणून लिहितेय. धंद्यातल्या बायांसाठी आहे, बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल.

आधी नंबर. ज्या नंबरवर गावाकडनं आईचा फोन येतो त्यावरनं अकाउंट काढलं की इन्स्टाग्राम तुमच्याच भाच्याला विचारतं, हिला ओळखता का म्हणून. वेगळं सिम, वेगळा ईमेल, आणि कॉन्टॅक्ट सिंक बंद. व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, त्यापेक्षा चॅनल बरं, तिथं फॉलोअरला ॲडमिनचा नंबर दिसत नाही. पासवर्ड दोघींकडंच ठेवा, आणि त्या दोघींच्या माणसांकडं अजिबात नको, भांडण झालं की पहिला फोनच हिसकावतात.

व्हिडिओत चेहरा नको हे सगळ्यांनाच कळतं, पण आम्ही नुसत्या हातांचा व्हिडिओ केला, भाकरी थापतानाचा, छान झाला होता, आणि टाकल्यावर तासाभरानं एकीनं ओरडून सांगितलं अगं मागं भिंतीवर कॅलेंडर बघ. गावच्या सराफाचं कॅलेंडर, दुकानाचं नाव, तालुका, सगळं. काढला लगेच. तेव्हापासून शूट करायच्या आधी भिंत मोकळी करतो, हातावरचं गोंदण झाकतो, खिडकी लावून घेतो. आवाजानं पण माणूस ओळखू येतो, म्हणून एकीचं बोलणं दुसरी वाचते, कानडी मुलगी असेल तर मराठीवाली वाचते. आणि रडून कहाणी सांगायची गरज नाही हो, रडक्या व्हिडिओला लाइक मिळतात पण त्यानं कुणाचं मत बदललेलं मी तरी बघितलं नाही.

आता खोट्याला उत्तर. त्यांचा व्हिडिओ लाल फुली मारून पण शेअर करू नका, व्ह्यूज त्यांनाच जातात. आकडा दिसला की विचारायचं, मोजलं कुणी, कुठं, कधी. मे 2020 मध्ये बातमी फिरली होती की रेड लाइट एरिया बंद ठेवले तर कोरोनाचे पेशंट 72 टक्क्यांनी कमी होतील, त्यात पुण्याचंही नाव आणि वर अमेरिकेतल्या मोठमोठ्या युनिव्हर्सिट्यांची नावं, लोकांना खरंच वाटणार ना. तो कंप्युटर मॉडेलचा अंदाज होता, गल्लीत येऊन कुणी मोजलेलं नव्हतं, आणि संशोधकांनी, संघटनांनी त्यावर प्रश्न उभे केले. पण प्रश्नाची बातमी किती जणांनी वाचली?

आपल्या बाजूनं पण खोटं पसरतं. सुप्रीम कोर्टाचा 19 मे 2022 चा आदेश आला तेव्हा आपल्यातल्याच कितीतरी जणींनी "धंदा कायदेशीर झाला" असं स्टेटस ठेवलं, मी पण ठेवलं होतं. तसं काही झालेलं नाही. आता आम्ही हा मेसेज टाकतो, हवा तर उचला:

"सज्ञान बाई स्वतःच्या मर्जीनं हे काम करत असेल तर पोलिसांनी त्यात पडू नये, ही सुप्रीम कोर्टानं नेमलेल्या समितीची शिफारस आहे, कोर्टानं तसा आदेश दिलेला नाही. धाडीच्या बातमीत तिची ओळख दाखवू नये, हे मात्र कोर्टाच्या आदेशात आहे. कोठा चालवणं, दलाली, रस्त्यात गिऱ्हाईक बोलावणं हे 1956 च्या पिटा म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात अजून गुन्हाच आहे."

एवढंच. कुणी वेश्या म्हणायचं की नाही या शब्दावरनं भांडायला आला की सोडून द्या, सांगलीच्या बायांनी तर संघटनेच्या नावातच शब्द घेतलाय, वेश्या अन्याय मुक्ती परिषद, घ्या.

तक्रार करायची तर आधी लिंक कॉपी करा आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढा, रिपोर्ट नंतर, कारण पोस्ट उडाली की पुरावा पण उडतो. खोलीत चोरून शूट केलं असेल तर भारतीय न्यायसंहितेचं 77 कलम आहे, सायबरचा नंबर 1930, आणि खासगी फोटो फिरवायची धमकी असेल तर स्टॉपएनसीआयआय (stopncii.org) ही वेबसाइट वापरा, त्यात फोटो तुमच्या फोनमधनं बाहेर जात नाही, फक्त त्याचा कोड जातो. पेपरनं चेहरा छापला तर आधी संपादकाला लेखी कळवायचं, मग प्रेस कौन्सिल. पोलीस चौकीत एकटी जाऊ नका, पुण्यात सहेली संघ ही धंद्यातल्या बायांची संघटना आहे, तिथल्या कुणाला तरी बरोबर घ्या.

कमेंटचं काम आम्ही दुपारी दोन ते चार करतो, दोघी मिळून, चहा घेत. घाण कमेंट एकजण वाचते, दुसरी नुसती "ठेव" नाहीतर "उडव" म्हणते. संध्याकाळी धंद्याच्या टायमाला तो फोन बंद करून पिठाच्या डब्यात.