पुरवठादाराशी संबंध कसे जपावेत: खानदेशातील कारखानदारांसाठी खरेदीची पद्धत

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील चटईचा कारखाना असो, ठिबकच्या नळ्या काढणारा उद्योग असो की धुळ्याजवळच्या अवधान वसाहतीतले यंत्रभागांचे वर्कशॉप असो, खरेदी विभागाचे काम बहुतेक ठिकाणी एकाच आकड्यावर जोखले जाते आणि तो म्हणजे दर किती खाली आणला. हा आकडा महत्त्वाचा आहे, पण पुरेसा नाही. माल कबूल केलेल्या दिवशी आला का, पूर्ण आला का, मशीनवर चढवल्यावर नीट चालला का आणि अडचणीच्या वेळी पुरवठादाराने फोन उचलला का, यांवर कारखान्याचा खरा खर्च ठरतो. या चारही गोष्टी खरेदीदाराच्या वागणुकीशी बांधलेल्या असतात. म्हणून सुधारणेची सुरुवात स्वतःच्या दप्तरापासून करावी.

गेल्या वर्षभराच्या परचेस ऑर्डर काढाव्यात आणि प्रत्येक पुरवठादारासाठी एक तक्ता तयार करावा. त्यात ऑर्डरची तारीख, कबूल केलेली तारीख, गाडी गेटवर आल्याची तारीख, मागवलेले व मिळालेले वजन, नापास झालेला माल आणि बिलाची तारीख असावी. बरेच जण इथेच थांबतात. परंतु आणखी दोन रकाने अवश्य भरावेत: पैसे प्रत्यक्ष खात्यावर जमा झाल्याची तारीख, आणि ऑर्डर दिल्यानंतर आपण स्वतः वजन, रंग किंवा तारीख किती वेळा बदलली. तक्ता भरून झाला की उशिरा येणारा माल आणि अडकलेली बिले एकाच नावासमोर दिसतात का, ते तपासावे. उधारी लांबली की पुरवठादार आपला माल आधी रोखीच्या गिऱ्हाइकाकडे वळवतो, आणि टंचाईच्या काळात आपला क्रमांक शेवटी लागतो. यात त्याला दोष देता येत नाही, कारण त्यालाही दाणा (प्लॅस्टिकचा दाणेदार कच्चा माल) रोखीनेच उचलावा लागतो.

दराची तुलना करताना कागदावरचा भाव न पाहता वापरण्याजोग्या मालाचा भाव काढावा. समजा, दहा टन दाण्यासाठी एकाने किलोला १०० रुपये सांगितले आणि दुसऱ्याने १०२ रुपये. पहिल्याच्या मालात मशीनवर तीन टक्के घट निघाली, तर १० लाख रुपयांत ९,७०० किलो माल हाती लागतो आणि भाव १०३ रुपये ९ पैसे पडतो. दुसऱ्याच्या मालात अर्धा टक्का घट धरली तरी भाव १०२ रुपये ५१ पैसेच होतो. यात मशीन बंद राहिल्याचे तास, पुन्हा तापवायला लागलेली वीज आणि बसून राहिलेल्या कामगारांची मजुरी अजून धरलेलीच नाही.

सर्वच पुरवठादारांशी सारखे संबंध ठेवण्याची गरज नसते. पॅकिंगची दोरी, हातमोजे, ऑइल यांसाठी तीन ठिकाणचे भाव मागवावेत आणि स्वस्त असेल तिथून घ्यावे. लक्ष द्यायचे ते दाणा, मास्टरबॅच (रंगासाठी मिसळायचा दाणा), डाय (वितळलेल्या प्लॅस्टिकला आकार देणारे तोंड) आणि साचे अशा वस्तूंकडे, ज्यांच्यावाचून उत्पादन थांबते.

संबंधांचा पाया पैशांच्या तारखेत आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराशी लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांहून अधिक ठेवता येत नाही, आणि करार नसेल तर ती १५ दिवसांची आहे. मुदत चुकल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरातही अशी तरतूद आली आहे की, मुदतीनंतर दिलेल्या रकमेची वजावट ज्या वर्षी ती प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी मिळते. म्हणून पुरवठादाराचे उद्यम प्रमाणपत्र (सूक्ष्म, लघु वा मध्यम उद्योग म्हणून नोंदणीचा दाखला) सुरुवातीलाच मागून घ्यावे. जीएसटीतही दोन्ही बाजू एकमेकांत अडकलेल्या आहेत: पुरवठादाराने आपल्या विवरणपत्रात बिल दाखवल्याशिवाय आपल्याला इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, आणि आपण १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेले क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. माझे स्पष्ट मत आहे की, ३० दिवस सांगून ७० दिवसांनी देण्यापेक्षा ४५ दिवस सांगून ४५व्या दिवशी देणारा खरेदीदार अधिक चांगला माल मिळवतो.

दुसरी गोष्ट आगाऊ अंदाजाची, आणि खानदेशात तिला विशेष महत्त्व आहे. पूर्वहंगामी कापसाची लागवड मे महिन्यात सुरू होते, केळीची मृगबाग म्हणजे पावसाळी लागवड जून-जुलैत होते आणि केळीचीच कांदेबाग ऑक्टोबरच्या सुमारास. ठिबकच्या नळ्यांची मागणी या वेळापत्रकाने वर-खाली होते, हे कारखानदाराला पाठ असते. परंतु सुरतजवळच्या हजिऱ्याहून दाणा आणून देणाऱ्या व्यापाऱ्याला ते कोणी लेखी सांगत नाही. फेब्रुवारीतच पुढील चार महिन्यांचा अंदाज द्यावा. त्यातील पहिल्या महिन्याचे वजन पक्के, दुसऱ्याचे थोडे कमी-जास्त होणारे आणि पुढचे केवळ माहितीसाठी, असे स्पष्ट लिहावे. पक्के म्हटलेले वजन मात्र बाजारभाव उतरला तरी उचलावे. ते एकदा नाकारले की पुढच्या वर्षीच्या अंदाजावर कोणी विश्वास ठेवत नाही. पावसाळ्यात धुळे-सुरत रस्त्यावरील कोंडाईबारीच्या घाटात वाहतूक अडली तर गाडी कुठे आहे हे दोघांनाही कळावे, म्हणून चालकाचा नंबर मालासोबतच्या चलनावरच लिहून घेण्याची पद्धत ठेवावी.

दर्जाचा वाद झाला की संबंधांची परीक्षा होते. दाणा ओलसर निघाला, चटईच्या पट्टीत बुडबुडे आले आणि पट्टी तुटू लागली, अशा वेळी पुष्कळ ठिकाणी महिनाअखेरीस बिलातून परस्पर रक्कम कापली जाते आणि डेबिट नोट (रक्कम कापल्याची लेखी सूचना) नंतर पोहोचते. पुरवठादाराला तोवर काय बिघडले हे ठाऊकच नसते. त्याऐवजी गाडी उतरतानाच प्रत्येक लॉटमधून नमुना काढावा, पिशवीवर लॉट क्रमांक, गाडी क्रमांक व तारीख लिहून ती सीलबंद करावी आणि एक नमुना चालकाबरोबर परत पाठवावा. दोष दिसला तर त्याच दिवशी वजनकाट्याची पावती, फोटो आणि लॉट क्रमांक पाठवून पुरवठादाराच्या माणसाला मशीनजवळ बोलवावे. अनेकदा दोष दाण्यात नसून गोदामाच्या गळक्या पत्र्यात सापडतो, आणि तसे आढळले तर ते मान्य करून रक्कम सोडावी.

आपल्याकडे व्यवहार बराचसा ओळखीवर चालतो. मालकाचे आणि व्यापाऱ्याचे दोन पिढ्यांचे जाणे-येणे असते. हा विश्वास मोलाचा आहे, तरीही त्याच्या नावाखाली तपासणी ढिली पडू देऊ नये आणि एकाच घरावर सगळा भार टाकू नये. १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमध्ये टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या आयसिन सेइकी कंपनीच्या कारिया येथील कारखान्याला आग लागली आणि ब्रेकमधील एका लहानशा व्हॉल्व्हअभावी टोयोटाचे उत्पादन ठप्प झाले, कारण तो जवळजवळ सगळा तिथूनच येत असे. मात्र इतर पुरवठादारांनी काही दिवसांतच तो भाग बनवून दिला. एकाच ठिकाणावर विसंबण्याचा धोका आणि वर्षानुवर्षे जपलेल्या संबंधांचे बळ, दोन्ही या घटनेत दिसतात. महत्त्वाच्या मालासाठी मुख्य पुरवठादाराला सुमारे ७० टक्के काम देऊन उरलेले दुसऱ्याकडे नियमितपणे ठेवावे, आणि हे मुख्य पुरवठादाराला उघड सांगावे.

एखाद्याशी व्यवहार थांबवायचाच असेल, तर तोही नीट थांबवावा. दोन महिन्यांची लेखी सूचना द्यावी, त्याच्याकडे आपल्यासाठी तयार पडून असलेला माल उचलावा, थकीत बिले आणि डेबिट नोटा समोरासमोर बसून मिटवाव्यात, आपल्या मालकीच्या डाय व साचे यादीनुसार तपासून परत घ्यावेत आणि जीएसटीच्या विवरणपत्रात शेवटचे बिल दिसल्यावरच खाते बंद करावे.