विझलेला दिवा गार नसतो : रंगमंचावर हात भाजणाऱ्या चुका टाळा

राज्य नाट्य स्पर्धेचे दिवस आले की सोलापुरातील हौशी मंडळांत प्रकाशयोजनेच्या मदतीला नवी मुले येतात, आणि त्यांतील एखाद्याचा हात भाजल्याशिवाय हंगाम सरत नाही. चुका मात्र त्याच असतात.

त्यांतील सर्वांत घातक चूक म्हणजे दिवा विझला की तो गार झाला असे समजणे. हॅलोजन बल्बच्या आतले, तारेवरून उडालेले कण पुन्हा तारेवर आणणारे चक्र चालण्यासाठी त्याची काच किमान २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापावीच लागते, आणि ती उष्णता दिव्याचे पत्र्याचे अंग, प्रकाशाचा झोत अडवणाऱ्या झडपा व जिलेटिनची, म्हणजे प्रकाशाला रंग देणाऱ्या पातळ पारदर्शक पत्रकाची, चौकट यांत मुरते. धातू लाल होत नाही, म्हणून डोळ्यांना काहीच कळत नाही. मध्यंतराच्या दहा मिनिटांत जिलेटिन बदलण्याची घाई मला मुळीच मान्य नाही. दुसऱ्या रंगाचा दिवा आधीच टांगून ठेवावा. मी स्वतः अर्धा तास थांबतो, आणि पारा चाळिशीपार गेलेला असेल तर त्याहून अधिक. त्यानंतरही हाताची पाठ जवळ नेऊन आच पाहिल्याशिवाय बोट लावत नाही.

दुसरी चूक ओल्या कापडाची आहे. काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवातील एका प्रयोगात एक मुलगा हजार वॅटच्या दिव्याची झडप वळवण्यासाठी खांद्यावरचा टेरी टॉवेल भिजवून शिडीवर चढला. सोलापूरचा जाड टॉवेल, त्यात पाणी, म्हणजे हात सुरक्षित, असा त्याचा समज होता. प्रत्यक्षात कोरड्या कापडातील हवा उष्णता अडवते, तर पाणी ती झटकन हातापर्यंत पोहोचवते, आणि वाफ होऊन वेगळे भाजते. त्याने हात झटकला, दिवा फिरला आणि तापलेला पत्रा त्याच्या मनगटाला चिकटला. मी शिडी दोन्ही हातांनी धरलेली होती, म्हणून तो खाली आला नाही. त्यानंतर कुणीतरी जखमेवर टूथपेस्ट थापली, आणि ती काढताना त्या मुलाला झालेला त्रास मला अजून आठवतो. भाजलेला भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली धरावा, सूज येण्याआधी अंगठी, कडे, घड्याळ काढावे. बर्फ, तूप, हळद काहीही लावू नये. मोठे फोड आले तर डॉक्टरांकडे जावे.

नायलॉनचे हातमोजे वितळून कातडीला चिकटतात. कोरडे, चामड्याचेच वापरावेत. बल्ब पुरवठा तोडून आणि पूर्ण गार झाल्यावरच बदलावा, आणि नव्या बल्बला उघडे बोट लावू नये, कारण बोटाचा तेलकटपणा राहिलेली काच तापल्यावर कमजोर होऊन फुटू शकते. रंगमंचावर वरून लोंबणारी कापडी झालर दिव्याच्या तोंडासमोर कधीही येऊ देऊ नये.

एलईडी आला म्हणून निर्धास्त होणाऱ्यांनी त्या दिव्याच्या मागच्या पन्हाळीदार धातूला हात लावण्याआधीही थांबावे. समोरून प्रकाश थंड वाटला तरी उष्णता तिथूनच बाहेर पडत असते.