आग विझली, आता मुरलेलं पाणी बघा

आग विझवताना मारलेलं पाणी प्लायवूडमध्ये, गाद्यांत मुरतं आणि पुण्याच्या पावसाळ्यात दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघायला येईपर्यंत घर बंद ठेवू नका! विमा कंपनीला लगेच कळवा, खोलीखोलीचे फोटो काढा, मग खिडक्या उघडा. पंखे मात्र वायरमनने वायरिंग तपासल्यावरच. ओलं सामान बाहेर काढा, पण सर्व्हेअरने बघेपर्यंत फेकू नका.

आमच्या कपाटामागचा काळा थर आम्ही काजळी समजून पुसला. आठवड्याने तो परत आला, कुबट वासासकट. अशी बुरशी आग विझवण्याच्या पाण्यामुळेच आली, हे क्लेममध्ये स्पष्ट लिहा, अग्निशमन दलाचा दाखला जोडा. कंपनीने लेखी तक्रारीनंतरही क्लेम नाकारला, तर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालांचं कार्यालय पुण्यातच आहे. तिथे फी लागत नाही.