मैदानी खेळांचे फोटो: आधी लेन्स, मग कॅमेरा

नाशिकच्या गोल्फ क्लबवर, म्हणजे आपल्या अनंत कान्हेरे मैदानावर, सीमारेषेबाहेरून फलंदाजाचा फोटो काढून बघा. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ मिमी लेन्समध्ये (आकडा जितका मोठा, तितकं दृश्य जवळ) तो काडेपेटीतल्या काडीएवढा दिसतो. म्हणून पैशाचा मोठा वाटा लेन्सला द्या. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, वापरलेली घेतली तरी चालते.

सुरुवातीला ७०-३०० घ्या. एपीएस-सी या लहान सेन्सरवर (सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग) तिचं ३०० चं टोक फुल फ्रेम या मोठ्या सेन्सरवरच्या साधारण ४५० एवढं जवळ आणतं, त्यामुळे इथे लहान सेन्सर उलट सोयीचा. खो-खो, कबड्डीला ७०-२०० भरपूर.

खरी गोम उजेडाची. ७०-३०० लांबच्या टोकाला बहुधा एफ ५.६ एवढीच उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं). दुपारच्या उन्हात काहीच अडत नाही, पण श्रावणातल्या ढगांत किंवा सूर्य कलल्यावर हालचाल गोठवायला शटर १/१००० सेकंद ठेवायचं तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता, भराभर चढतो आणि फोटोत दाणे येतात. एफ २.८ ची ७०-२०० चौपट उजेड आत घेते. वजन मात्र बऱ्याचदा दीड किलोच्या आसपास, आणि किंमत ऐकून घाम फुटतो! मी ती सामन्यापुरती भाड्याने आणतो, सोबत मोनोपॉड, म्हणजे एकपायी स्टँड.

बॉडी निवडताना मेगापिक्सेल विचारत बसू नका. सेकंदाला आठ-दहा फोटो आणि हलत्या माणसावर टिकणारा ऑटोफोकस बघा. दुकानाबाहेर, कॉलेज रोडवर, समोरून येणाऱ्या दुचाकीवर सलग दहा फोटो मारा. निम्मे धूसर आले तर दुसरी बॉडी दाखवायला सांगा.